जकातवाल्याची कट्यार

हळद व्यवस्थित पार पडली. तक्रार फक्त कट्यारीबद्दल आली आणि तीही मुलीकडून.

फोन आला तेव्हा शुभांगी मांडवात वाजंत्रीवाल्यांना चहा पोचला का ते बघत होती. स्क्रीनवर सृष्टीचं नाव होतं. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर जिचं लग्न आहे ती नवरी सकाळी आपण होऊन सासूला फोन करते, एवढं दोघींचं जमलं होतं. याचा शुभांगीला अभिमान वाटला. तो पहिल्या वाक्यापर्यंत टिकला.

"आई, तुम्ही स्टेटसला ओमचा हळदीचा फोटो टाकलाय ना, तो आधी काढा."

"का गं? चांगला आलाय की. डोळं मिटल्यात, पन त्याचं एरवी बी मिटल्यालंच असत्यात."

"डोळ्यांचं नाही. हातात काय आहे ते मोठं करून बघा."

शुभांगीनं मोठं करून बघितलं. नवरदेवाच्या हातात असते तशी कट्यार होती आणि टोकाला खोचलेलं लिंबू होतं. मुठीला हिरवं कातडं होतं. मुठीखालच्या आडव्या दांडीवर पंख पसरलेला पक्षी होता, आणि पक्ष्यानं पायात एक गोल माळ धरली होती. माळेत स्वस्तिक होतं.

"कट्यार हाय," ती म्हणाली.

"हिटलरच्या सरकारची आहे."

शुभांगीनं मांडवाकडं नजर टाकली. कुणी ऐकलेलं दिसत नव्हतं. "आमच्यातल्या कुनी आनली न्हाई गं," ती हळूच म्हणाली.

"आई, ती हातात घेऊन तो समोर उभा राहिला तर मी हार घालणार नाही. रागानं नाही सांगत. ऑफिसातले येणारेत, फोग्ट सर येणारेत, ते सोडा. कुणीही येणार नसतं तरी घातला नसता."

"बरं," शुभांगी म्हणाली आणि फोटो काढला. मग कुणाशी बोलायचं याचा विचार करत ती जागीच उभी राहिली.

भरे गावात पवळ्यांच्या भावकीत लग्नाची कट्यार एकच. ती भिकूआण्णांच्या देव्हाऱ्यात असते आणि ज्याच्या घरी लग्न असेल त्याच्याकडं हळदीच्या आधी येते. ओमच्या हळदीला आली नव्हती, कारण चैत्रात ओमच्या वडिलांनी, किशोरनं, कंपाउंडची भिंत घातली होती. तेव्हापासून भिकूआण्णांना ट्रॅक्टर घराबाहेर उलटा काढावा लागत होता. कट्यारीवरून भांडण असं झालंच नाही. ती दर वेळी येतेच म्हणून किशोरनं मागितली नाही, आणि दर वेळी मागायला येतात म्हणून भिकूआण्णांनी पाठवली नाही. हळद वाटून झाली, बायका गोळा झाल्या, तेव्हा हे दोन्ही घरांच्या लक्षात आलं. दोन्ही घरं गप्प बसली.

"घरात यवढ्या पडल्यात की," असं म्हणून ओमच्या आजीनं, सारजाबाईंनी, कमरेच्या चाव्या काढल्या.

यवढ्या म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाच्या, चंद्रकांतच्या. पिरंगुटच्या एका जर्मन यंत्रांच्या कंपनीत तो स्टोअरला होता. तिथल्या एका परदेशी फिटरनं मायदेशी जाताना त्याला एक खंजीर भेट दिला, कारण चंद्रकांतनं त्याला हातानं पिठलं-भाकरी खायला शिकवलं होतं. शिंगाच्या मुठीचा तो खंजीर तिकडच्या वनखात्यातल्या कुठल्याशा साहेबाचा. तेव्हापासून चंद्रकांतला नाद लागला. आता पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात, आत दिवे लावून, जुनी जर्मन वनखातं, टपालखातं, रेल्वे आणि अग्निशामक दल शेजारी शेजारी टांगलेली असत.

"पोस्टातल्या मान्साला खंजीर कशाला?" असं गावानं त्याला विचारून झालं होतं.

"गणवेशावर लावायला. वापरायचा न्हाई."

"मंग?"

"दिसायला."

भऱ्याला हे पटलं होतं. जमिनी विकल्यावर गावात गळ्यातल्या साखळ्या आल्या, त्याही त्याच कामासाठी. खंडेनवमीला सारजाबाई कोयते, कुऱ्हाड आणि टेम्पोची चावी मांडत, आणि त्याच पाटावर जर्मन टपालखात्यालाही झेंडूचं फूल वाहत. त्यामुळं नातवाच्या हळदीला त्यातलीच एक काढताना त्यांना काही वेगळं केल्यासारखं वाटलं नाही. कपाटातल्या त्यांच्या पसंतीस उतरल्या नाहीत. म्हणून त्यांनी पलंगाखालची ट्रंक उघडली.

*

चंद्रकांत बर्फाच्या लाद्या उतरवून मांडवात शिरला आणि त्याला आधी लिंबू दिसलं. रस पात्यावरून ओघळून पार दांडीपर्यंत आला होता. डाग पडणार, कोरीवकाम जाणार, हे मनात येऊन गेलं. मग ती कोणती आहे ते दिसलं. आपल्याला आधी काय दिसलं आणि नंतर काय, याची त्याला लाज वाटली.

ओम खुर्चीत बसला होता. अंगावर हळद, मांडीवर टॉवेल, उजव्या हातात कट्यार, डाव्या हातात फोन.

"कुनी दिली रं ही?"

"आजीनं. मी डोळे मिटून होतो. आता सृष्टीचा मेसेज आला तेव्हा बघितली." ओमनं आवाज खाली आणला. "आप्पा, ही तुमच्याकडं कशी?"

"ढिगात आली. पुन्यात कॅम्पात एका म्हाताऱ्याच्या घरचं सामान निघालं हुतं. वनखात्याच्या दोन एका पेटीत हुत्या, त्या घेतल्या. पेटीच्या तळाला ही निघाली."

"टाकून द्यायची."

"कुटं टाकू? घंटागाडीवाला ओला का सुका इचारतो."

"मग विकायची."

"ही घ्यायला दोनच जातीची मान्सं येत्यात. एक म्युझियमवाली, ती माझ्याकडं येत न्हाईत. दुसरी येत्यात, त्यास्नी मी घरात घेत न्हाई. मंग धोतरात गुंडाळली, ट्रंकंत टाकली, कुलूप लावलं आन चावी आईकडं दिली."

"आजीकडं कशाला दिली?"

"तिच्याकडनं हरवत न्हाई."

ओमनं कट्यार जरा लांब धरली. हात लांब केल्यानं ती जास्तच दिसू लागली, म्हणून परत जवळ घेतली. "कुणाची होती?"

"जकातवाल्याची. सरहद्दीवर बसून लोकांच्या पेट्या उघडायचा."

"पावत्या फाडायला खंजीर?"

"दिसायला," चंद्रकांत सवयीनं म्हणाला. ते उत्तर आज त्याचं त्यालाच पुरं वाटलं नाही. "त्या वर्सांत जी मान्सं जीव घिऊन सरहद्द वलांडत हुती ना, त्यांच्या पेट्या असल्याच मान्सांनी उघडल्या."

फोन परत वाजला. सृष्टीनं फक्त प्रश्नचिन्ह पाठवलं होतं.

"ठेव खाली," चंद्रकांत म्हणाला.

"खबरदार!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

*

सारजाबाईंच्या घरात नवरदेवाची कट्यार हळदीपासून लग्न लागेपर्यंत हातातून सुटत नाही. जेवताना डाव्या हातात जाते, आंघोळीला नळावर टेकते, पण बोट लागलेलं राहतं. हा नियम एकदाच मोडला होता आणि तो चंद्रकांतनं मोडला होता. त्याच्या लग्नात मंगलाष्टकांच्या तोंडावर जनरेटर बंद पडला. बोलावलेला मिस्त्री दारू पिऊन पडला होता, म्हणून नवरदेवानं कट्यार पत्र्याच्या डब्यावर ठेवली आणि स्वतः जनरेटर चालू केला. दिवे आले. बायको दोन पावसाळ्यांनी माहेरी गेली ती परत आली नाही. यात सारजाबाईंना कधीच कोडं पडलं नाही.

"यवढी निवडून काढली," त्या आता म्हणाल्या. "बाकीच्यांवर हरनं न् बिगुलं. हिच्यावर स्वस्तिक हाय, वर गरुड हाय. इष्णूचीच म्हनायची."

"आई, स्वस्तिक तिरकं हाय बघ."

"घाईत काढलं आसंल."

किशोर आत आला. मुलाचा बाप म्हणून त्याच्या डोक्यावर सकाळपासूनच फेटा होता. सगळं ऐकून घेऊन त्यानं लगेच तोडगा काढला. "लाल फडकं गुंडाळा. चिन्ह झाकलं, इषय संपला."

"सृष्टीला म्हाईत हाय आत काय हाय ते," शुभांगी म्हणाली.

"तिला समजून सांग. तू सासू हायेस."

"काय सांगू? आमच्यात असलं झाकून हातात देत्यात, असं?"

"शुभांगी म्हनती ते बराबर हाय," चंद्रकांत म्हणाला.

बोअर कुठं घ्यायची यावरून वाजलं तेव्हापासून दीर-भावजयीचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. किशोरनं दोघांकडं आलटून पालटून बघितलं आणि आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "आई म्हनती सोडायची न्हाई, तर सोडायची न्हाई."

"मंग हार कोन घालनार? तू?" शुभांगीनं विचारलं.

"फोग्ट सर जेवायला येतायत," ओम मध्येच म्हणाला. "घर बघायचंय म्हणाले. पिरंगुटच्या पुढं आलेत."

फोग्ट साहेब ओमच्या आणि सृष्टीच्या कंपनीतले मोठे साहेब. जर्मन.

"ह्ये बरं झालं," किशोर म्हणाला. "त्यांच्या गावची वस्तू बघून खूश हुतील."

यावर बाकी कुणी काही बोललं नाही. तेवढ्यावरून किशोरला समजलं की होणार नाहीत.

शेवटी सारजाबाईंनीच वाट काढली. कट्यार बदलता येते. पण दुसरी भावकीतलीच पाहिजे, हातोहात आली पाहिजे, आणि ती मुठीत आल्याशिवाय पहिली सुटता कामा नये.

सगळ्यांनी किशोरकडं बघितलं.

"आन भितीचं?" किशोर म्हणाला.

"भित काय म्हनती तुला?" सारजाबाई म्हणाल्या. "जा."

फेट्यावर हेल्मेट बसत नव्हतं. किशोर तसाच स्कूटरवर बसला आणि ज्या भिकूआण्णांचं घर हाकेच्या अंतरावर होतं त्यांच्याकडं निघाला. मध्ये स्वतःची भिंत असल्यामुळं त्याला गावाला वळसा घालून जावं लागलं.

*

सारजाबाई नातवाशेजारी पाट ओढून बसल्या. स्वस्तिकावर त्यांनीच लावलेलं हळदीकुंकू अजून ओलं होतं.

"सृष्टी खरंच हार घालनार न्हाई म्हनली?"

"म्हणाली."

"शिकल्याली पोरगी. यवढ्याशा चिन्हावरनं?"

ओमनं जरा विचार केला. ऑफिसात त्यानं मोठमोठी सादरीकरणं केली होती, पण समोर आजी कधीच नव्हती. "आजी, तू उंबऱ्यावर स्वस्तिक कशाला काढतेस?"

"येनाऱ्या-जानाऱ्याचं बरं व्हावं म्हनून."

"हिटलरच्या माणसांनी हेच चिन्ह अंगावर लावलं आणि लोकांच्या उंबऱ्यातून आत शिरले. घरंच्या घरं बाहेर काढली. रेल्वेत भरून नेली आणि मारली. एकदोन माणसं नाही, लाखांनी."

"लढाई हुती म्हन."

"लढाई वेगळी. ही घरात बसलेली माणसं होती. म्हातारीकोतारी. लेकरं."

"लेकरं बी?"

"व्हय."

"आन त्यांचा गुन्हा काय?"

"कुठल्या घरात जन्मली, तेवढाच."

सारजाबाईंनी पदर सावरला. कुंकू लावलेली स्वतःची बोटं त्यांनी हळूच पाटाच्या कडेला पुसली.

"सोड," त्या म्हणाल्या.

"आजी, दुसरी आली नाही अजून."

"सोड म्हनते ना."

ओमला सोडायची होती. पण बोटं उघडेनात. या सगळ्यावर आपला विश्वास नाही, असं तो सृष्टीला कितीदा तरी सांगून बसला होता. आता जनरेटर, पत्र्याचा डबा आणि आप्पांची रिकामी खोली एकदम डोळ्यांसमोर आली. "आणि मग काही झालं तर?" त्यानं विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला शाळेतल्यासारखा वाटला.

"काय व्हायचं ते माझ्या अंगावर. मीच दिली ना?"

त्यांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली, कट्यार काढून घेतली आणि रिकाम्या झालेल्या मुठीत आपलं मनगट दिलं. "धर. घट्ट धर. आता भिकूची कट्यार येईस्तवर मलाच धरायचं. शुभांगी, लिंबू आन. ह्ये नगो, नवं आन."

शुभांगीनं नवं लिंबू आणलं. ते कशाला खोचायचं हा प्रश्न होता. सारजाबाईंनी ते सरळ मुठीत घेतलं आणि हात वर धरून बसल्या.

चंद्रकांत खांबाला टेकून हे बघत होता. "आई," तो म्हणाला, "मंग माझं? माझ्या टायमाला तू आयुष्यभर..."

"तुझं जनरेटरनंच झालं," सारजाबाई म्हणाल्या. "तू उजेडासाठी ठिवलीस. कारनात फरक हाय." आणि त्यांनी दुसरा हात लांब करून जकातवाल्याची कट्यार त्याच्यापुढं धरली. "ही माझ्या घरात नगो. ट्रंकंत बी नगो."

चंद्रकांत एरवी कपाटातल्या वस्तूंना सुती हातमोज्यांशिवाय हात लावत नसे. अंगठ्याचा घामसुद्धा लोखंड खातो, असं तो पाहुण्यांना बजावायचा. आता त्यानं ती उघड्या हातानं घेतली. किशोरच्या मारुंजीतल्या भाड्याच्या खोल्यांचं काम चाललं होतं, त्याचं कटर मशिन टेम्पोत पडलेलं होतं. त्यानं ते मांडवाच्या वायरीला जोडलं, लग्नाच्या जाकिटाखालच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि खाली बसला.

पक्षी आधी गेला. मग माळ, मग माळेतलं. ठिणग्यांचा फवारा मांडवाच्या कनातीपर्यंत उडाला. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, फटाके लागले, म्हणजे पाहुणे आले. त्यांनी जोरात सुरू केलं. चंद्रकांत थांबला नाही. पात्याचे तुकडे होईपर्यंत त्यानं मशिन बंद केलं नाही. बंद केलं तेव्हा तो रडत होता की डोळ्यांत कचरा गेला होता, हे शुभांगीला कळलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि काही विचारलं नाही.

*

किशोर भिकूआण्णांच्या दारात पोचला तेव्हा तिथं एक मोठी पांढरी गाडी उभी होती. फोनवरच्या नकाशाला भिंत माहीत नव्हती. त्यानं फोग्ट साहेबांना जुन्या रस्त्यानं सरळ आणलं होतं. पुढं भिंत, मागं शेणाचा उकिरडा, अशा जागेत गाडी अडकली होती. भिकूआण्णा कंबरेवर हात ठेवून ड्रायव्हरला हिंदीतून सांगत होते की ही भिंत त्यांची नाही, ज्याची आहे तो हा फेटेवाला.

फोग्ट साहेबांनी किशोरकडं बघितलं. किशोरनं नमस्कार केला. पुढं काय करावं ते न सुचल्यानं भिकूआण्णांनाही केला.

"आण्णा, कट्यार पायजे हुती."

"सकाळधरनं घासून ठिवलीय," भिकूआण्णा म्हणाले. "मागायला तोंड हाय का न्हाई, त्येच बघत हुतो."

"हाय की. म्हनून तर आलोय."

"आन भित?"

किशोरनं साहेबांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, उकिरड्याकडं बघितलं. "पाडा," तो म्हणाला. "पन जेवनं झाल्यावर. आत्ता टाइम न्हाई."

म्हणून गाडी तिथंच राहिली आणि ट्रॅक्टर उलटा बाहेर निघाला. भिकूआण्णा चालवत होते. फोग्ट साहेब चाकावरच्या पत्र्यावर बसले होते. धक्क्यानं पडू नये म्हणून एका हातानं त्यांनी भिकूआण्णांची कॉलर धरली होती. दुसऱ्या हातात लाल कापडात गुंडाळलेली पवळ्यांची कट्यार होती. भिकूआण्णांचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळं ती त्यांनी साहेबांच्या हातात दिली होती. शिवाय ती खाली ठेवायची नाही, असं बजावलं होतं. साहेबांना शब्द कळले नव्हते, पण बजावणं कळलं होतं. ट्रॅक्टरमागून किशोर स्कूटरवर होता.

मांडवात वाजंत्री आधीच जोरात होती, त्यामुळं स्वागतात काही कमी राहिलं नाही.

फोग्ट साहेब उतरले. समोर हळदीनं माखलेला त्यांचा इंजिनियर उभा होता. त्यानं एका म्हातारीचं मनगट घट्ट पकडलं होतं आणि म्हातारीनं मूठ वर करून लिंबू धरलं होतं. बाजूला लग्नाच्या जाकिटातला एक माणूस कटर मशिनशेजारी लोखंडाचे तुकडे गोळा करत होता. साहेबांनी सगळं नीट पाहून घेतलं. मग त्यांनी ओमला इंग्रजीतून विचारलं, की नवरदेवानं आजीला असं धरून ठेवायची इथं रीत आहे का?

"हो," ओम म्हणाला. त्यानं डाव्या हातानं फोन काढून तसाच फोटो घेतला आणि सृष्टीला पाठवला. उत्तर लगेच आलं. तिनं साडी कुठल्या रंगाची ठरली ते कळवलं होतं. म्हणजे ती येणार होती.

साहेब काय विचारतात ते भिकूआण्णांनी किशोरकडून समजून घेतलं. साहेबांच्या हातातून कट्यार घेऊन तिचं कापड सोडत ते आजीनातवाजवळ आले आणि भुवया आक्रसून दोघांकडं बघत राहिले.

"खोटं कशाला सांगता पाव्हन्याला?" ते म्हणाले. "आपल्यात असली रीत न्हाई."

"आजपासनं हाय," सारजाबाई म्हणाल्या, आणि कट्यार ओमच्या दुसऱ्या मुठीत नीट बसल्याशिवाय त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही.